हरलेल्या रंगाचा खेस

सुकदेव बोरसेंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू पायाने मारतात आणि हाताला लागला की शिट्टी वाजते, एवढ्यावर त्यांची गाडी थांबायची. तरीही देशभरातल्या क्लबांचा तो बाद पद्धतीचा चषक, ज्यात एकदा हरला की सरळ घरचा रस्ता धरायचा, त्याच्या अंतिम सामन्याकडे ते दरवर्षी डोळे लावून बसत. कारण सामना संपला की त्यांचं काम सुरू व्हायचं.

सुरतेतल्या भेस्तानला ते ज्या कारखान्यात होते तिथे खेस बनत. खेस म्हणजे गळ्यात टाकायचा साटिनचा पट्टा. निवडणूक आली की पुढारी त्यावर आपलं चिन्ह छापून गावभर दिसेल त्याच्या गळ्यात घालत सुटतात, तोच. निवडणुका काही रोज नसतात, म्हणून मधल्या काळात शेठ क्रिकेटचे, देवस्थानांचे आणि अलीकडे फुटबॉलचे खेस छापायचा. अंतिम सामन्यात क्लब दोन, जिंकणार एकच. पण जिंकलेल्यांच्या लोकांना 'विजेते' लिहिलेला खेस लगोलग गळ्यात हवा असतो. पुढच्या महिन्यात तो फुकट दिला तरी कोणी घेत नाही. म्हणून दोन्ही क्लबांच्या विजयाचे खेस आधीच छापून, घड्या घालून, गाठोडी बांधून ठेवायचे. सामना संपला की जिंकलेला माल टेम्पोत चढायचा. हरलेला माल मात्र जगाला दिसता कामा नये, अशी माल मागवणाऱ्या कंपनीची सक्त अट होती. तो एकेक करून फाडायचा आणि चिंधीवाल्याच्या हवाली करायचा. न झालेला विजय फाडायलाही शेवटी माणूसच लागतो, आणि तो माणूस म्हणजे सुकदेवआबा.

आबा मूळचे पारोळ्याकडचे. तरुणपणी सुरतेला आले आणि उधन्याला लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, लागले. वर्षानुवर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून कान गेले. त्यांची बायको धुरपदाबाई म्हणायची, या माणसाशी भांडायचं तर आधी घसा शेकून घ्यावा लागतो. कान गेले तसे माग सुटले आणि आबा खेसाच्या कारखान्यात आले. मागोमाग मुलगा गजेंद्रही तिथेच छपाईवर लागला. नवागामच्या एका खोलीत चौघांचा संसार होता: आबा, धुरपदाबाई, गजेंद्र आणि त्याची बायको वर्षा.

आबांच्या आईचा एक दंडक होता. कोरं कापड कुणाच्या अंगाला लागल्याशिवाय फाडू नये. फाडलं तर ते अंग शोधत फिरतं. नातवाला झबलं शिवायचं असलं तरी ती नवं कापड आधी स्वतःच्या खांद्यावर टाकून घ्यायची, मग कात्री लावायची. म्हातारी गेली, पण दंडक आबांनी सुरतेला आणला. हरलेल्या मालातला एक खेस ते सगळ्यांच्या वतीने खांद्यावर टाकत, घटकाभर डोळे मिटून उभे राहत, मग काठाला दातांनी चीर देत आणि चर्रकन ओढत. कारखान्यातली पोरं हसायची. बिहारी शिलाईवाला तर म्हणायचा, बूढ़ा शादी कर रहा है. गजेंद्र हसायचा नाही. लहानपणी आजीला पाहिलेलं असल्यामुळे तोही फाडायला बसला की आधी खेस खांद्यावर टाकायचाच.

एक गोष्ट आबांनी कोणाला सांगितली नव्हती. खेस खांद्यावर असेपर्यंत त्यांना ऐकू यायचं. लांबून, पण स्वच्छ, हजारो माणसांचा जल्लोष; जो संघ हरला होता त्याच्या लोकांचा. ढोल, आरोळ्या, न कळणाऱ्या भाषेतली गाणी. खेस उतरवला की पुन्हा सगळं बंद. ज्या कानांना बायकोची हाक पोचत नाही त्यांना हा गलका कसा पोचतो, असं त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही. इतकी वर्षं मागांमध्ये काढलेल्या माणसाच्या कानात काहीही वाजू शकतं, अशी समजूत घालून ते कामाला लागत.

त्या वर्षी अंतिम सामना कोलकात्याच्या आणि मलबारच्या क्लबांत होता. कारखान्यात नावं कोण घेतो? कोलकात्याचा माल जांभळा, मलबारचा हिरवा, म्हणून खेळणारेही जांभळे आणि हिरवे. रीत अशी होती की ज्याने ज्या रंगाची गाठोडी बांधली त्यानेच, तो रंग जिंकला तर, टेम्पोबरोबर चलथाणपर्यंत जायचं आणि हायवेवरच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या ताब्यात माल देऊन परत यायचं. जांभळा आबांनी बांधला होता, हिरवा गजेंद्रने. वर्षाला सातवा महिना लागून गेला होता. पाय सुजले होते, खोलीतला पंखा धड चालत नव्हता, आणि पोराने रविवारची संध्याकाळ तरी तिच्याजवळ काढावी असं आबांना वाटत होतं. कारखान्यात जो तो सांगत होता की यंदा हिरव्यांना तोड नाही. तेव्हा सामना सुरू व्हायच्या आधी आबांनी गजेंद्रला सांगितलं, हिरवा माझ्याकडे दे, तू जांभळा घे. हिरवे जिंकतील, टेम्पोवर मी जाईन, तू घरी जा. गजेंद्र नको म्हणत होता. आबांनी ऐकू न आल्याचं सोंग केलं, जे त्यांना छान जमायचं.

गाठोड्यावर मोबाइल उभा करून सगळ्यांनी सामना पाहिला. बरोबरी झाली, जादा वेळ झाला, पेनल्टीवर गेलं. शेवटच्या पेनल्टीला हिरव्यांच्या पोराने मारलेला चेंडू खांबाच्या आतल्या बाजूला आपटला आणि आत जायच्या ऐवजी बाहेर आला. जांभळे जिंकले. गजेंद्र उठला, जांभळी गाठोडी टेम्पोत चढवली आणि त्यांच्यावरच बसून गेला. चलथाणच्या अलीकडे, तिन्हीसांजेला, साखर कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली रस्त्यात बंद पडून उभी होती. तिला मागे दिवा नव्हता, टेम्पो तिच्यावर आदळला. ड्रायव्हर वाचला, गजेंद्र गेला.

गंधमुक्ती, म्हणजे सुतक फेडायचा विधी, गावाकडे झाली. आलेल्यांनी टोपी-उपरणं दिलं, पाठीवर हात ठेवले, नशीब नशीब म्हणाले. आबा कोणाशी बोलले नाहीत आणि रडलेही नाहीत. लोकांना वाटलं धक्का बसलाय. खरी गोष्ट अशी होती की ते मनातल्या मनात तो चेंडू पुन्हा पुन्हा मारत होते. दोन बोटं इकडे लागला असता तर आत गेला असता, आणि टेम्पोवर आपण असतो.

परत आल्यावर शेठ म्हणाला, "सुकदेवभाई, ए माल बीजो कोई फाडी नाखशे, तमे रहेवा दो." आबांनी नाही म्हणून मान हलवली. हिरवा माल मीच बांधला असं झालं होतं, तो मीच फाडणार, असं त्यांचं म्हणणं. शेठने जास्त ताणलं नाही. वरच्या मजल्यावरच्या गोदामाची किल्ली दिली आणि सावकाश करा, घाई नाही, असं सांगितलं.

भर दुपारची वेळ होती. पत्र्याखाली जीव नकोसा होत होता. हिरव्या गाठोड्याची गाठ सोडून आबांनी वरचा खेस उचलला, खांद्यावर टाकला आणि डोळे मिटले. पहिल्यांदा चेंडू आला. खांबाला लागल्याचा तो टण्ण आवाज, आणि मग जाळीत गेल्याचा. त्यावर उसळलेला गलका त्यांच्या ओळखीचा होता. पण या वेळी गलका ओसरल्यावर गप्प झालं नाही. त्याच्या मागे एक बंद खोली होती, तिच्यात पत्रा तापल्यावर करतो तसा कडकड आवाज होता, आणि कोणीतरी नाकाने हुंकार दिला. गजेंद्रला बोलायच्या आधी तसा हुंकार द्यायची खोड होती.

"आबा?"

आबांनी खेस ओढून फेकला. गोदामात ते आणि गाठोडी. खाली यंत्रं चालू होती, ती त्यांना पायाला जाणवत होती, ऐकू येत नव्हती. कितीतरी वेळ ते त्या खेसाकडे बघत बसले. मग माणसाने विहिरीत वाकून बघावं तसे वाकले आणि तो पुन्हा खांद्यावर घेतला.

"आबा, तू बोली ऱ्हायना का?" गजेंद्र विचारत होता.

आबा हो म्हणाले. मग त्याचा आवाज आला, घाबरलेला, हळू.

"तू ते मरी गया ना, आबा. तुनी गंधमुक्ती करीसन उनू मी."

हळूहळू सगळं कळलं. गजेंद्र होता तिथे चेंडू आत गेला होता. हिरवे जिंकले होते. हिरवा माल आबांकडे, म्हणून टेम्पोवर आबा बसले होते, आणि चलथाणच्या अलीकडे ट्रॉली उभी होतीच. हरलेला जांभळा माल फाडायचं काम बापामागे पोराकडे आलं होतं. त्याने आजीच्या दंडकाप्रमाणे जांभळा खेस खांद्यावर टाकला, आणि मेलेला बाप बोलायला लागला. दोघं एकाच गोदामात, एकाच जागी उभे होते, फक्त मध्ये एक पेनल्टी होती.

दुसरा कोणी असता तर जिना उतरून पळाला असता. आबांना आनंद झाला. आपण मेलो हे ऐकून एवढा हरखलेला माणूस भेस्तानात आजवर झाला नसेल. जे व्हायला हवं होतं ते कुठेतरी झालं होतं. पोरगा जिवंत होता, श्वास घेत होता, हुंकार देत होता. त्या दुपारी ते गजेंद्रच्या मरणानंतर पहिल्यांदा रडले, मोकळ्या गळ्याने, आणि पलीकडून पोरगाही रडत असल्याचं त्यांनी ऐकलं.

मग आबांनी फाडकाम लांबवायला सुरुवात केली. शेठने सावकाश म्हटलंच होतं. सकाळी येऊन वर जायचं, दार लोटून घ्यायचं, खेस खांद्यावर टाकून बसायचं. दिवसाकाठी थोडेसे फाडायचे, म्हणजे चिंधीवाल्याला द्यायला पोतं दिसतं. बापलेक बोलत ते काही फार मोठं नव्हतं. नळाला पाणी येतं का, छपाईचा नवा रोलर कसा आहे, गावाकडचं बोअर चालू आहे का. आबांनी एकदा विचारलं, तुझी माय कशी आहे? तुझं नाव घेऊन घेऊन रडते, असं गजेंद्रने सांगितलं. आबांना वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. आपल्यासाठी धुरपदा रडते हे जिवंतपणी कुठल्या नवऱ्याला कळतं?

घरी त्यांनी धुरपदाबाईला सांगितलं, गजेंद्र माझ्याशी बोलतो. ती साडीवर टिकल्या चिकटवत होती. घरोघरच्या बायका करतात ते काम. तिने हात थांबवला, त्यांच्याकडे टक लावून पाहिलं, आणि पुन्हा टिकली उचलली. वेडा म्हणाली नाही, खरं का म्हणून विचारलंही नाही. जेवून घ्या, एवढंच म्हणाली. आबांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

वैशाख लागला. एक दिवस आबांच्या लक्षात आलं की आपल्याला घाम येत नाहीये. पत्र्याखाली खालची पोरं बनियन पिळत होती आणि आबांचा सदरा कोरडा ठाक. मग चहावाल्याचं सुरू झालं. नेहमीचा चहावाला, पण आबा समोर उभे राहिले तरी तो मागच्या गिऱ्हाइकाला विचारायचा. दोनदा-तीनदा हाक मारली की दचकून, अरे काका, तुम्ही कधी आलात, म्हणायचा. भेस्तानच्या नाक्यावर रिक्षा त्यांच्या अंगावरच आली. रिक्षावाल्याने शिवी दिली नाही, आणि सुरतेत रिक्षावाला शिवी न देता गेला म्हणजे त्याने माणूस पाहिलाच नाही असं समजावं. आबा हसण्यावारी नेत राहिले. पण एका दुपारी सुट्टीच्या दिवशी ते खोलीत भिंतीला टेकून बसलेले असताना धुरपदाबाईने स्वतःपुरतं वाढून घेतलं, जेवली, भांडी घासली, त्यांच्या पायांना वळसा घालून केर काढला आणि मग शेजारणीला जाऊन विचारलं, आमचे हे कुठे दिसले का? शेजारीण, उषाबाई, म्हणाली, नाही बाई, सकाळपासून नाही पाहिले. आबांना शेजारणीचे ओठ दिसत होते. ते उठून उभे राहिले तेव्हा धुरपदाबाई किंचाळली.

त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. ती स्वतःसाठी नव्हती. या वयात माणसाला आपल्या असण्या-नसण्याचं फार अप्रूप उरत नाही. पण आपण खेस पांघरून कान लावतो तो अशा जागेला, जिथे आपण मेलेलो आहोत, आणि म्हणून आपण इथेही विरत चाललो आहोत, हे त्यांनी ताडलं. मग पलीकडे काय चाललं असेल? गजेंद्रही रोज कान लावून बसतो तो अशा जागेला, जिथे गजेंद्र मेलेला आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं. गजेंद्रने उडवून लावलं. आबांनी पुन्हा विचारलं. तेव्हा तो म्हणाला की लोक आताशा आपल्याला बघत नाहीत. वर्षाही घरात समोरून निघून जाते. शेठने तर त्याच्या जागी दुसरा माणूस विचारायला सुरुवात केली आहे. हे सगळं त्याने असं सांगितलं की जणू पावसापाण्याचं बोलतोय. इथेच बरं वाटतं आबा, घरी जावंसं वाटत नाही, असं म्हणाला. आबांनी खेस उतरवला आणि तो दिवसभर हातात धरून बसले. फाडून टाकावा असं पन्नासदा मनात आलं. पण फाडायचं म्हणजे पोराला दुसऱ्यांदा मारायचं, आणि या वेळी स्वतःच्या हाताने. त्यांना ते झालं नाही.

ज्येष्ठात वर्षा बाळंत झाली. मुलगी झाली. सरकारी दवाखान्यातून तिला खोलीत आणलं, उषाबाईने लुगड्याचा आडोसा केला, धुरपदाबाई शेक-शेगडीत बुडून गेली. आबांनी नातीचं तोंड पाहिलं नाही. सकाळी लवकर निघायचं, आलं की भिंतीकडे तोंड करून पडायचं. त्या पोरीकडे पाहिलं की तिच्या बापाचा रस्ता आपण बदलला हे तिला दिसेल, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी धुरपदाबाईने त्यांचा हात धरून कानात सांगितलं की आज पाचवी आहे, सटवाई पोरीच्या कपाळावर लिहायला येणार, संध्याकाळच्या आत घरी या. ती त्यांच्याकडे न बघता बोलत होती, जणू हात धरला नसता तर ते कुठे आहेत हे तिला कळलं नसतं.

त्या दिवशी भागातल्या खात्यांना सुट्टी होती. आजूबाजूचे माग बंद होते, कारखान्यात शुकशुकाट होता. पायाखालची नेहमीची थरथरही नव्हती. हिरवे खेस मूठभरच उरले होते. आबांनी एक खांद्यावर टाकला आणि गजेंद्रला सांगितलं, तुला मुलगी झाली.

"आठे बी व्हयनी," गजेंद्र म्हणाला. म्हणजे तिकडेही मुलगीच झाली होती.

कशी आहे, कोणावर गेलीय, आबांनी विचारलं. पलीकडे हुंकार आला.

"मी आजून देखी नही, आबा."

"काब देखी नही?"

"तू आठे बोलस ना."

पोराचा आवाज पूर्वीसारखा जवळून येत नव्हता, पातळ झाला होता, तापलेल्या पत्र्यावर पडलेल्या पाण्यासारखा बघता बघता उडत होता. जिवंत बायको, पाच दिवसांची पोर, दोघींना नवागामच्या खोलीत सोडून हा मेलेल्या बापाच्या गोदामात बसला होता, आणि आज संध्याकाळी सटवाई त्या पोरीच्या कपाळावर बाप लिहायचा की नाही ते ठरवणार होती. आपण एकदा त्याचं भलं करायला गेलो आणि त्याला ट्रॉलीखाली घातलं. आता पुन्हा भल्याच्या नावाखाली तेच चालवलंय. आबांना स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

त्यांनी गजेंद्रला सांगितलं, तुझ्याकडचे जांभळे फाडून टाक. सगळे, आत्ता. आणि घरी जा.

गजेंद्र नाही म्हणाला. मग विनवणी करायला लागला. एक ठेवतो, एकच, गादीखाली ठेवतो, कधीमधी खांद्यावर घेईन. हा विचार आबांनीही केला होता आणि एक खेस पिशवीत वेगळा काढून ठेवला होता. त्यांनी पिशवीत हात घातला, तो बाहेर काढला आणि बाकीच्यांत टाकला. नाही म्हणाले, एकही नाही. पलीकडे कापडाची सळसळ झाली, थांबली.

"माले जमी नही ऱ्हायनं, आबा."

लहानपणी गजेंद्रला गोधडीसाठी जुनं लुगडं फाडायला आजीने बसवलं होतं, तेव्हाही त्याला जमलं नव्हतं. काठ चिवट, बोटं कोवळी. तेव्हा आबांनी समोर बसून दुसरं टोक धरलं होतं. आत्ता ते तसेच जमिनीवर बसले. खांद्यावरचा खेस तसाच ठेवून समोरच्या ढिगातला एक उचलला.

"काठले दातमा धर," ते म्हणाले. "आते मनासंगे वढ."

त्यांनी ओढला. चर्रर्र झालं. पलीकडून, किंचित मागून, तसाच आवाज आला. आबांनी दुसरा घेतला. पलीकडेही दुसरा. गोदामात नुसता फाटण्याचा आवाज भरला होता, एक इकडचा आणि एक तिकडचा, आणि हळूहळू तिकडचा मागे न राहता बरोबरीने यायला लागला, मग पुढे जायला लागला. पोराचा हात बसला होता. आबांना मध्येच त्याचं नाक ओढणं ऐकू आलं, आणि त्यांनी मुद्दाम जोराने ओढलं की त्याने थांबू नये. शेवटी इकडे ढिगात काही उरलं नाही. खांद्यावरचाच राहिला. त्यांनी तो काढला नाही. काढला तर तिकडचं ऐकू येणं बंद होईल. तो खांद्यावर असतानाच त्याच्या काठाला त्यांनी चीर दिली आणि थांबले. तिकडून एक लांब, न तुटता आलेला आवाज आला, टोकापासून टोकापर्यंत. शेवटचा जांभळा फाटला होता. त्यानंतर गजेंद्रचा हुंकार आला नाही. आबांनी दोन्ही हातांनी आपला खेस ओढला. तो फाटताना दिसला, पण त्याचा आवाज त्यांना आला नाही.

घाम फुटला. कपाळावरून डोळ्यात उतरला, सदरा पाठीला चिकटला. चिंध्या पोत्यात भरून, पोतं खांद्यावर घेऊन ते खाली आले. नाक्यावर रिक्षावाल्याने कचकचून ब्रेक मारला आणि आईवरून शिवी दिली. ऐकू आली नाही, पण तोंड दिसलं, आणि आबांनी त्याला हात जोडले.

घरी लुगड्याचा आडोसा बाजूला सारून ते आत गेले. वर्षाने पोर त्यांच्या मांडीवर ठेवली. डोक्यावर दाट जावळ, आणि झोपेत ओठ मुडपायची सवय, ती कोणाची ते तिथे कोणालाच सांगावं लागलं नाही. आबा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. वर्षा रडली, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ते बाहेर ओट्यावर येऊन बसले. पाटा-वरवंटा पुजायची तयारी चालली होती. धुरपदाबाई हळदीची वाटी हातात घेऊन त्यांच्याजवळ आली आणि उभी राहिली. इतक्या दिवसांत तिने जे विचारलं नव्हतं ते त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"गजा खरंच बोले का हो तुम्हनासंगे?"

"बोले," आबा म्हणाले.

"आते?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. सगळे फाडून टाकले, एकही ठेवला नाही, असं सांगितलं. त्याच्यासाठीच फाडले, असंही सांगणार होते, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून ते राहूनच गेलं. तिने वाटी खाली ठेवली नाही. बोटाला लागलेली हळद दुसऱ्या बोटाने पुसत राहिली.

"मी बी त्यानी माय व्हती ना," ती म्हणाली. "एकदाव मना खांदवर खेस टाकी देता ते."

आतून उषाबाईने पूजेला हाक मारली, तशी ती आत गेली.